आतून चांगली आहे

जुन्या विमानाची दांडी विकणारा माणूस फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो. ‘‘बाहेरून जरा रंग उडालाय, पण आतून चांगली आहे.’’ आतून म्हणजे कुठून बघितलंत, असं विचारायची सोय नसते. दांडी म्हणजे दोन्ही टोकांना जवळजवळ बंद असलेली पोलादी नळी. तिच्या आत ना त्यानं डोकावलेलं असतं, ना त्याच्या आधीच्या मालकानं. ज्या कामगारानं ती 1946 साली जोडली, त्यानंच काय ते शेवटचं आत पाहिलेलं. त्याच्याकडे चौकशी करायची वेळ टळून गेली आहे.

हे सगळं माझ्या कानावर पडायचं कारण माझा मावसभाऊ. तो पेनसिल्व्हेनियात असतो, आठवडाभर एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो आणि शनिवार-रविवार एक पिवळं विमान सांभाळतो. सांभाळतो असंच म्हणायला हवं, उडवतो म्हणणं थोडं फुगवून सांगणं होईल. विमानाचं नाव पायपर कब, मॉडेल जे-3. विमान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते सगळं इथे बाजूला ठेवायचं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं आणि रंगवलेलं कापड, एकामागे एक दोन खुर्च्या आणि 65 अश्वशक्तीचं इंजिन. स्टार्टर नाही. समोरचा पंखा हातानं ओढून सुरू करायचा आणि हात वेळेवर मागे घ्यायचा. समोरून वारा असला की खालच्या हायवेवरचे ट्रक पुढे निघून जातात. दादा हे अभिमानानं सांगतो.

या विमानाचे मोठे पंख डोक्यावर असतात आणि प्रत्येक पंखाखाली दोन तिरक्या दांड्या, खाली एकत्र येणाऱ्या. त्यांना सगळे स्ट्रट म्हणतात, दादाच्या घरात मात्र त्या दांड्याच. बघणाऱ्याला वाटतं, पंख खाली पडू नयेत म्हणून हे टेकू दिलेत. विमान जमिनीवर असताना ते खरंही आहे. पण हवेत गेल्यावर सगळा हिशेब उलटा होतो. पंखच विमानाला उचलून धरतात, त्यांना वर जायचं असतं आणि अंगाला ते जिथे जोडलेत तिथे जेमतेम खिळी घातलेली असते. दांडी नसेल तर पंख वरच्या वर मिटतील. म्हणजे हवेत असताना या दांड्या पंखांना खाली ओढून धरतात. साडेपाचशे किलोंचं ओझं, त्यात दादा, त्याचा डबा आणि बारा गॅलनपर्यंत पेट्रोल, हे सगळं त्या चार नळ्यांच्या ओढीवर चाललेलं असतं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वहिनीकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, ‘‘मी हे ऐकल्यापासून खिडकीतून हात करते, आत बसत नाही.’’

आता पोलाद म्हटलं की गंज आलाच. दांडीच्या वरच्या अंगाला रंग असतो, तो दर काही वर्षांनी काढून परत देतात, आणि अमेरिकेत या विमानांचे मालक रंगाच्या बाबतीत इतके कडवे असतात की पिवळ्या रंगाची नेमकी छटा कोणती यावरून त्यांच्यात बोलणं बंद होतं. पण पाण्याला छटेशी काही कर्तव्य नाही. थंडीत आतली हवा गार होते, दव धरतं, पाऊस आट्यांच्या फटीतून झिरपतो आणि हे सगळं पाणी निवांतपणे खालच्या टोकाला जाऊन साठतं. तिथूनच, म्हणजे नेमकं जिथे दांडी विमानाच्या पोटाला जोडलेली असते तिथूनच, नळी आतून कुरतडली जाते. बाहेर रंग लखलखीत.

यावर जुन्या लोकांचा तोडगा होता जवसाचं तेल. गरम जवसाचं तेल नळीत ओतायचं, नळी सगळ्या बाजूंनी फिरवायची, उरलेलं काढून टाकायचं आणि भोक बंद करायचं. हे तेल वाळतं आणि आत पातळ पापुद्रा धरतं, म्हणूनच चित्रकारांनाही ते चालतं. वहिनी अकोल्याची. जवस म्हटल्यावर ती कान टवकारून आली. तिच्या माहेरी जवसाची चटणी भाकरीबरोबर रोज असे, आणि तिनं दादाला गंभीरपणे विचारलं की आतून तेल घातल्यानं विमान किती वर्षं टिकतं. दादा म्हणाला, ‘‘नीट घातलं असेल तर खूप.’’ वहिनी म्हणाली, ‘‘आणि तुम्हाला मी चटणी वाढते तेव्हा नको असते.’’

तेल नीट घातलेलं आहे की नाही, हा मुद्दा 1993 साली अमेरिकेच्या विमान खात्यानं, एफएएनं, कायमचा उपस्थित करून ठेवला. काही विमानांच्या दांड्या गंजून तुटल्या होत्या. त्यांनी एक सक्तीचा हुकूम काढला. अशा हुकमाला विमानवाले ‘एडी’ म्हणतात, आणि जुनं विमान असलेल्या घरात हा शब्द आयकराच्या नोटिशीपेक्षा हळू आवाजात उच्चारतात. नंतर 1999 मध्ये आणि 2015 मध्ये त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. सारांश असा की दर दोन वर्षांनी दांड्या काढायच्या, तपासायच्या आणि परत बसवायच्या. टोकाच्या फोर्कला चिरा गेल्यात का हे पाचशे तासांनी निराळं बघायचं. यातून कायमची सुटका हवी असेल तर एकच मार्ग. जुन्या दांड्या काढून सीलबंद दांड्या बसवा. म्हणजे ज्यांत हवा-पाणी शिरायला जागाच नाही अशा.

तपासणीची एक पद्धत ध्वनिलहरींची आहे, ती महागडी. दुसरी माउलच्या टेस्टरची. हे एक हातभर यंत्र, पुढे टोक आणि आत स्प्रिंग. ते मुळात विमानावरचं कापड कुजलंय का हे टोचून बघायला केलेलं. बेलफर्ड माउल नावाच्या ज्या माणसानं ते काढलं त्यानं पुढे स्वतःची विमानंही बनवली, जॉर्जियातल्या मोल्ट्रीला. कापडासाठीचं हे टोचणं पोलादावर चालवायचं हे खात्याच्याच हुकमात लिहिलंय. काटा 80 वर येईपर्यंत दाबायचं आणि खड्डा पडतो का बघायचं. मला हे ताबडतोब पटलं, कारण आमच्या आजोळच्या वाड्याची तुळई अशीच बघत. वरून सागवानाचा तकतकीत रंग, नक्षी जशीच्या तशी, आणि सुतारानं पटाशीचं टोक लावलं की ते मुठीपर्यंत आत. वाळवीला रंगाचा राग नसतो. ती तो तेवढा सोडून देते.

दादाच्या विमानाची तपासणी झाली तेव्हा मी तिथेच होते. विमानतळ म्हणजे गवताची पट्टी, कडेला पत्र्याच्या हँगरांची रांग, एका हँगरच्या दारात कॉफीचं मशीन आणि त्याच्याजवळ कायम बसलेले चार म्हातारे. मेकॅनिकनं दांडी दोन घोड्यांवर आडवी ठेवली, खाली जुने टॉवेल, आणि खडूनं खालच्या टोकाशी इंच-इंच चौकटी आखल्या. मग प्रत्येक चौकटीत टोचत गेला. मी आवाज येईल म्हणून वाट बघत होते, पण आवाज काही नाही. तो टोचायचा, बोट फिरवायचा, पुढे जायचा. तिसऱ्या दांडीच्या शेवटाकडे त्यानं बोट फिरवलं, परत फिरवलं आणि काही न बोलता दादाचं बोट धरून तिथे ठेवलं. दादाचा चेहरा बघून चारही म्हाताऱ्यांनी कॉफीचे कप खाली ठेवले. त्यांतला एक म्हणाला, ‘‘बरं झालं, जमिनीवर कळलं.’’ या वाक्याला त्या विमानतळावर फार मान आहे.

इथून दांडी शोधणं सुरू होतं.

कारखान्याकडे जावं म्हटलं, तर कारखान्याची कथा अशी. क्लॅरेन्स गिल्बर्ट टेलर हा विमान काढणारा माणूस, आणि विल्यम पायपर हा तेलाच्या विहिरींचा धंदा करणारा. टेलरची कंपनी बुडाली तेव्हा 1930 साली पायपरनं तिचं सगळं किडूकमिडूक 761 डॉलरला घेतलं आणि टेलरला कामावर ठेवलं. दोघांचं पटलं नाही. 1935 मध्ये टेलर बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचं टेलरक्राफ्ट विमान काढलं. 1937 मध्ये ब्रॅडफर्डचा कारखाना जळाला, तेव्हा पायपरनं लॉक हेवन गावातली बंद पडलेली रेशमाची गिरणी घेतली. तिथे पिवळी कब इतक्या संख्येनं निघाली की दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेतले हजारो वैमानिक तिच्यातच पहिलं उड्डाण शिकले होते. कब एकूण जवळजवळ वीस हजार निघाली. दोघं भांडून वेगळे झाले, नावं वेगळी केली, पण विमानाची घडण दोघांच्या हातात एकच होती. त्यामुळे 2007 साली टेलरक्राफ्टच्या दांड्यांवरही एडी आला. घर वेगळं झालं तरी गंज समाईक राहिला.

लॉक हेवनमध्ये 1972 च्या ॲग्नेस वादळात सस्क्वेहॅना नदीचं पाणी कारखान्यात शिरलं आणि 1984 मध्ये तो बंदच झाला. आता तिथे संग्रहालय आहे. दर जूनमध्ये जुनी पिवळी विमानं तिथल्या गवतावर येऊन उतरतात, मालक पंखाखाली तंबू ठोकून राहतात. दादा मला घेऊन गेला होता. पिवळ्या विमानांच्या रांगांमधून फिरताना लक्षात आलं की कुणीच कुणाच्या इंजिनाकडे बघत नाही. सगळे वाकून दुसऱ्याच्या दांडीचं खालचं टोक बघतात आणि मग सरळ होत विचारतात, ‘‘सीलबंद आहे?’’ हो म्हटलं की माणसाचा दर्जा वाढतो. तिथे आडनाव, नोकरी, वय यांतलं काहीच कुणी विचारत नाही.

जुनी दांडी विकत घेण्याचा मार्ग दादानं बरेच दिवस धरून ठेवला होता. कारण उघड आहे, ती स्वस्त. पण या बाजारात एक गाठ आहे आणि ती विचार केल्याशिवाय दिसत नाही. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या दांड्या विकायला येतात कुठून? एक तर विमान आपटलं, म्हणजे दांडीवर काय काय ताण आला देव जाणे. नाही तर मालकानं सीलबंद दांड्या घेतल्या म्हणून जुन्या काढल्या. म्हणजे ज्या तपासणीला कंटाळून त्यानं काढल्या, ती तपासणी दादा पैसे मोजून घरी आणणार. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘तुम्ही पुण्याची माणसं प्रत्येक गोष्टीत खोच काढता.’’ आणि पुढचा फोन लावला.

तो फोन मी ऐकला. पलीकडचा माणूस ओहायोचा शेतकरी असावा. त्याच्या वडिलांचं विमान खळ्यात पडून होतं, त्याची दांडी होती. आवाज प्रेमळ. दांडी चांगली आहे, वर्षानुवर्षं छपराखाली होती. छप्पर गळतं का? हां, एका कोपऱ्यात गळतं, पण दांडी दुसऱ्या कोपऱ्यात होती. दांडीबरोबर काही कागद? कागद नाही, पण वडील प्रामाणिक होते. दादानं मनापासून मान डोलावली. फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. वडिलांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याला शंका नव्हती, पण तो लॉगबुकात लिहिता येत नाही.

कारण या सगळ्या खरेदीत दांडी ही निम्मीच वस्तू. उरलेली निम्मी म्हणजे कागद. ती कुणी बनवली, कोणत्या परवान्यानं, आधी कोणत्या विमानावर होती, किती तास, कुणी तपासली, कुणी सही केली. बऱ्याच जुन्या भागांना पिवळं लेबल बांधलेलं असतं, तपासून पास केल्याचं. त्या लेबलाला खात्याची अशी खास मान्यता नाही, पण बाजारात त्याची किंमत आहे, आणि लेबल नसलेली दांडी कितीही सरळ असली तरी ती दांडी नाही, पाइप आहे. मेकॅनिकची सही नसेल तर विमान उडायचं नाही आणि मेकॅनिकला स्वतःचा परवाना प्यारा. त्या माणसाला मी एकदा म्हटलं, कागद बघून दांडी पक्की होते का? तो म्हणाला, ‘‘दांडी नाही होत. मी होतो.’’

दादानं मधल्या काळात दांडी स्वतः बनवण्याचाही बेत केला. तिथला नियम असं करू देतो. मालक आपल्या विमानासाठी भाग बनवू शकतो, मात्र तो बनवण्यात त्याचा खरा हात असला पाहिजे. मूळ नकाशा, तोच धातू, तीच जाडी, तसंच वेल्डिंग, आणि हा भाग दुसऱ्याला विकायचा धंदा करायचा नाही. दादानं नळीचा थेंबाच्या आकाराचा छेद पेन्सिलीनं काढला, पोलादाच्या दुकानात गेला आणि दांडीची लांबी सांगितली. दुकानदारानं विचारलं, कशाला हवी? दादानं खरं सांगितलं. त्यानंतर दुकानदाराचा धीर सुटला आणि त्यानं आपल्याकडे माल नसल्याचं जाहीर केलं. माल त्याच्या मागेच रचलेला दिसत होता. मला तो दुकानदार फार शहाणा वाटला.

परतीच्या वाटेवर दादानं विषय भारतात आणला. त्याच्या विमानवेडाचं मूळ तिकडेच आहे. लहानपणी त्यानं पुष्पक पाहिलं होतं. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं ते बनवलं आणि 28 सप्टेंबर 1958 ला ते पहिल्यांदा उडालं. दोन आसनी, पंख डोक्यावर, खाली दांड्या, अमेरिकेतल्या एरॉन्का चीफशी बरंच मिळतंजुळतं. त्यामागचा मुख्य माणूस होता डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडचा, जर्मनीत गटिंगेनला प्रांटलच्या हाताखाली पीएचडी केलेला. विमानशास्त्राच्या जगात प्रांटल हे नाव काय वजनाचं आहे हे सांगायला दादानं गाडी कडेला घेतली. पुष्पक दीडशेच्या आसपास निघाली आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांमधून तिनं कित्येकांना शिकवलं. ‘‘पण बघ,’’ दादा म्हणाला, ‘‘कब वीस हजार निघाली म्हणून आज तिच्या दांड्या बनवायला कुणीतरी बसलंय. दीडशे विमानांसाठी कारखाना कोण चालवेल? एका पुष्पकची दांडी हवी तर दुसरी पुष्पक उघडायला लागणार.’’ यानंतर तो बराच वेळ गप्प होता. तो घाटग्यांच्या आठवणीनं गप्प होता की दांड्यांच्या किमतीनं, हे मला कळलं नाही.

मुंबईशी या दांड्यांचं नातं आणखी जुनं आहे. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमानातून. तेही पंख डोक्यावर आणि खाली दांड्या अशाच घडणीचं. त्या जातीच्या विमानांचे सुरुवातीच्या काळात हवेतच पंख तुटून अपघात झाले होते आणि त्यावर काढलेल्या उपायांत पुढच्या दांडीला एका छोट्या जोडदांडीचा आधार देणं हा एक होता. 1982 मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा 78 वर्षांच्या जे. आर. डीं.नी तेच उड्डाण पुन्हा केलं, पण लेपर्ड मॉथमधून. पस मॉथचाच धाकटा भाऊ म्हणायचा. आपण इतिहासात टपाल लक्षात ठेवतो, तारीख लक्षात ठेवतो, कराची लक्षात ठेवतो. त्या जोडदांडीचा उल्लेख मी एकाही शाळेच्या धड्यात पाहिलेला नाही. वैमानिकांना मात्र ती नक्की आठवत असणार.

शेवटी व्हायचं तेच झालं. दादानं नव्या सीलबंद दांड्या मागवल्या. कोलोरॅडोतल्या ऑरोरा गावात युनिव्हेर नावाची एक कंपनी आहे, 1946 पासूनची. म्हणजे दादाचं विमान आणि ती कंपनी एका वर्षाची. ती परवाना घेऊन जुन्या विमानांचे भाग नव्यानं बनवते. पायपरचे, स्टिन्सनचे, अर्कूपचे. ज्या विमानांचे मूळ कारखाने केव्हाच गेले त्यांचे वारसे चालवणारं हे एक वेगळंच दुकान आहे. तारेपासून दांडीपर्यंत सगळं त्यांच्या यादीत. एक नाही, चारही दांड्या मागवल्या, कारण तीन जुन्यांची तपासणी आणि एका नवीचा अभिमान असा संसार मेकॅनिकला मान्य नव्हता. 1938 च्या सुमारास अख्खी नवीकोरी कब तेराशे डॉलरच्या आसपास मिळायची. आता फक्त तिच्या दांड्या त्याच्या कितीतरी पुढे गेल्या. दादानं मला हे सांगितलं, वहिनीला सांगितलं नाही. वहिनीनं मला सांगितलं की तिला माहीत आहे.

दांड्या आल्या त्या लांबलचक खोक्यांत. माणसाहून लांब वस्तू असल्यानं ट्रकवाल्यानं त्या घरापर्यंत आणल्या पण दारात टाकून गेला. पाऊस येत होता. नळीत पाणी जाऊ नये म्हणून एवढा खर्च केलेल्या वस्तू दारात भिजू देणं दादाला शक्यच नव्हतं, त्या सीलबंद होत्या तरीही. मग त्या आत आल्या, जिन्यात वळल्या नाहीत, दिवाणखान्यात आडव्या मावल्या नाहीत, म्हणून जेवणाच्या टेबलाखालून स्वयंपाकघरात शिरल्या. विमान दुरुस्तीला बाहेर आणि त्याचे चार पाय आत, अशा अवस्थेत आम्ही चार-पाच दिवस पाय उचलून जेवलो. आलेल्या पाहुण्यांना वहिनी शांतपणे सांगायची, ‘‘जरा जपून, पंखाच्या दांड्या आहेत.’’ त्यांच्यापैकी एकानंही पुढे काही विचारलं नाही. अमेरिकेत माणसं फार समजूतदार असतात.

निकालात निघालेली ती गंजकी दांडी दादाला टाकवत नव्हती. मेकॅनिकनं ती मधून करवतीनं कापून दाखवली. आत लाल-तपकिरी पापुद्रे, हातात घेतले की पिठी व्हायची, आणि खालच्या टोकाला भिंत अशी पातळ की उजेडाला धरल्यावर कडेला टाचणीएवढी भोकं दिसली. बाहेरून तिथे दादानं मागच्याच वर्षी स्वतः दिलेला रंग. खरोखर सुंदर दिला होता. कापलेला एक तुकडा त्या कॉफीवाल्या म्हाताऱ्यांनी मागून घेतला आणि मशीनच्या वर ठेवला. नव्या माणसाला दाखवायला. दुसरा, धड निघालेला तुकडा आता हँगरच्या खिडकीला पडद्याचा गज आहे, आणि तिथे त्याला कुणी तपासत नाही.

दांड्या बसवल्या की काम संपतं असं नाही. टोकाचा फोर्क आट्यांवर फिरतो. मागच्या दांडीचा फोर्क थोडा आतबाहेर केला की पंखाचा पीळ बदलतो. पीळ चुकला की विमान सरळ जायचं सोडून एका बाजूला कलतं आणि वैमानिक तासभर काठी दुसरीकडे दाबून बसतो. शिवाय किती आटे आत राहिलेच पाहिजेत याचा वेगळा नियम. एकजण शिडीवर स्पिरिट लेव्हल आणि लाकडाचा ठोकळा घेऊन, एकजण खाली पाना घेऊन. अर्धा फेरा दे. जास्त झाला. पाव मागे घे. आता डावा बघ. हे तीन संध्याकाळी चाललं. वहिनी डबा घेऊन आली तेव्हा शिडीवरून दादा ओरडला, ‘‘सरळ दिसतंय का?’’ वहिनी म्हणाली, ‘‘कोण? तुम्ही की विमान?’’

आणि मग सगळ्यात शेवटी, स्टिकर. हुकमातच लिहिलंय की प्रत्येक दांडीवर, खालच्या टोकापासून थोडं वर, चढणाऱ्या-उतरणाऱ्याला दिसेल असं ‘नो स्टेप’ लिहिलेलं हवं. म्हणजे पाय ठेवू नका. दादानं ते मोजपट्टी लावून चिकटवलं, हवेचे बुडबुडे नखानं काढले. मला हा सगळ्या हुकमातला सर्वांत माणुसकीचा भाग वाटतो. कागदावर हजारो शब्द गंजाबद्दल लिहून झाल्यावर कुणालातरी आठवलं की दांडीचा खरा शत्रू माणसाचा बूट आहे.

पहिल्या उड्डाणाचा मान मावशीचा होता. ती त्या महिन्यात पुण्याहून आलेली, नऊवारी नाही पण पाचवारी, पायांत चपला. कबमध्ये चढणं ही सोपी गोष्ट नाही. दार आडवं उघडतं, अर्धं वर, अर्धं खाली, आणि मग एक पाय इथे, एक हात तिथे असं अंग घडी करून आत सोडावं लागतं. मावशीनं दांडीला हात घातला, दादा म्हणाला, ‘‘आई, तिथे नको.’’ तिनं पाय वर उचलला, दादा म्हणाला, ‘‘आई, तिथे तर नकोच, वाच काय लिहिलंय.’’ मावशीनं चष्मा लावून वाचलं. ‘‘सगळीकडे नको नको लिहून ठेवलंस,’’ ती म्हणाली, ‘‘कुठे ठेवू तेवढं एक लिही की.’’ चाकाजवळच्या पायरीवर मेकॅनिकनं तिचा पाय धरून ठेवला आणि ती पुढच्या खुर्चीत बसली. कब एकट्यानं चालवली तरी मागूनच चालवतात, वजनाचा तोल तसाच आहे, म्हणून दादा मागे. पट्टा बांधून झाला, एका म्हाताऱ्यानं पंखा ओढायला हात वर केला, तेवढ्यात मावशी अर्धी वळली.

‘‘थांबव रे त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘पुढे तर मी बसलेय. मग चालवणार कोण?’’